साडूच्या बर्फात एन्झाइम

प्राध्यापकांच्या जिभेने आयुष्यात त्यांचं बरंच नुकसान केलं होतं, पण त्यातलं सगळ्यांत मोठं नुकसान म्हणजे साडू.

साडूंचा आइस्क्रीमचा कारखाना होता. थोरल्या मेहुणीच्या, म्हणजे साडूंच्या बायकोच्या, वाढदिवसाला त्यांनी 'शाही मलई'चे डबेच्या डबे आणले आणि वाटी प्राध्यापकांच्या हातात देताना कशी झालीय म्हणून सहज विचारलं. असल्या प्रश्नाला 'छान' एवढंच उत्तर असतं हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. प्राध्यापकांना नव्हतं. ते म्हणाले की चव छान आहे, पण यात दूध नाही. मागे बायकोने आणलेल्या डब्यातलं चमचाभर त्यांनी कुतूहल म्हणून प्रयोगशाळेत तपासलं होतं आणि त्यात सापडलं ते सगळं पाम तेल. हे ते इतक्या आनंदाने सांगत होते की जणू साडूंचं अभिनंदनच करताहेत. नेमका शेजारच्या खुर्चीवर शहरातल्या मोठ्या सभागृहाचा मालक दुसरी वाटी खात बसला होता. त्याने चमचा खाली ठेवला. त्याच्या सभागृहातल्या प्रत्येक समारंभाला साडूंचं आइस्क्रीम जायचं, ते त्या दिवसापासून बंद झालं.

दोघा साडूंमध्ये अबोला पडला तो तेव्हापासून. बहिणी-बहिणी रोज फोनवर बोलायच्या, एकमेकींकडे जायच्या, पण नवऱ्यांना घरी ठेवून. कुठे समारंभात समोरासमोर आलेच तर दोघेही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे. वर्षं गेली. प्राध्यापकांना मनातून वाटायचं की आपण जे बोललो ते खरंच होतं, मग बिघडलं काय? आणि हे असं वाटतं म्हणूनच आपलं बिघडतं, हे बायको त्यांना अधूनमधून सांगायची.

प्राध्यापकांचं सगळं चित्त त्या काळात एका एन्झाइमवर जडलं होतं. आपल्या पेशीत प्रथिनं तयार होतात, राबतात आणि झिजतात. झिजलेल्याला मोडीत काढायचं तर आधी त्याच्या पाठीवर एक खूण चिकटवावी लागते. त्या खुणेचं नाव युबिक्विटिन. एक एन्झाइम ती खूण तयार ठेवतं, दुसरं ती हातात धरून पोचवतं आणि तिसरं ती कोणाच्या पाठीवर चिकटवायची ते ठरवतं. प्राध्यापकांचा जीव या मधल्या, पोचवणाऱ्या एन्झाइममध्ये अडकला होता. बायकोला हे सगळं त्यांनी एकदा जेवताना समजावून दिलं, तेव्हा ती म्हणाली, "एवढ्याशा पेशीत कचरा काढायला तिघंतिघं, आणि या घरात मी एकटी." त्या दिवशी प्राध्यापकांनी आपलं ताट स्वतः उचललं.

तर ते एन्झाइम परदेशातल्या एका कंपनीकडून मागवलं होतं. वाट बघून बघून डोळे पांढरे झाले तेव्हा कुठे ते आलं. मोठं खोकं, त्यात थर्माकोलची पेटी, त्यात वाफा सोडणारा ड्राय आइस आणि या सगळ्या थाटामाटाच्या तळाशी करंगळीच्या पेराएवढी एक नळी. नळीत डोळ्यात घालायच्या औषधाचा थेंब असावा एवढा ऐवज. लेबलवर लिहिलं होतं की हे मानवी एन्झाइम आहे, आणि त्याखाली ठळक अक्षरांत, की हे मानवी वापरासाठी नाही.

प्रयोगशाळेत प्राध्यापकांच्या हाताखाली एक संशोधक होती. ती इतकं कमी बोलायची की सगळे तिला मैना म्हणत. मैनेने तो थेंब आणखी बारीक बारीक नळ्यांत वाटून ठेवला, कारण हे एन्झाइम मोठं नाजूक; एकदा वितळलं की पुन्हा गोठवलेलं त्याला सोसत नाही. मग त्या नळ्या एका डबीत घालून, डबीवर कंपनीचं लेबल चिकटवून तिने डीप फ्रीझरमध्ये ठेवल्या. हा फ्रीझर म्हणजे प्रयोगशाळेचा आजोबा होता. बर्फापेक्षा कितीतरी थंड राहायचा आणि दिवसभर कण्हायचा.

एका सकाळी प्राध्यापक आले तर प्रयोगशाळा शांत होती. आजोबांचं कण्हणं थांबलं होतं.

मैना फ्रीझरच्या दाराला पाठ लावून उभी होती, गारवा आत कोंडून ठेवायला. "गेला," ती म्हणाली.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, उद्या येतो. शेजारच्या वनस्पतिशास्त्र विभागात तसाच फ्रीझर होता, पण तो झाडांच्या पानांनी गच्च भरलेला, आणि त्याची किल्ली घेऊन विभागप्रमुख बाई मुलीच्या बाळंतपणाला परगावी गेलेल्या. नवीन एन्झाइम मागवायचं म्हणजे पुन्हा तेवढीच वाट बघायची, आणि तोवर हाच प्रयोग दुसरं कोणी करून मोकळं झालं असतं. आता एकच उपाय होता. आजच्या आज ड्राय आइस मिळवायचा आणि नळ्या त्यात पुरून ठेवायच्या.

मैनेने चार ठिकाणी फोन फिरवले आणि मग प्राध्यापकांकडे बघितलं. तिला घरचा इतिहास ठाऊक होता. शहरात ड्राय आइस एकाच माणसाकडे होता, आणि तो माणूस प्राध्यापकांचा साडू होता.

प्राध्यापकांनी बायकोला फोन केला. ताईमार्फत काही जमतंय का बघ, असं त्यांनी शक्य तितक्या गोड आवाजात विचारलं. बायको म्हणाली, "तोंड तुम्ही उघडलं होतंत. आता पायही तुम्हीच धरा." आणि तिने फोन ठेवला. ठेवल्या ठेवल्या तिने बहिणीला लावला हे प्राध्यापकांना न सांगताही कळलं, कारण पुढे ते कारखान्यात पोचले तेव्हा फाटकावरचा पहारेकरी त्यांच्याकडे बघून आधीपासूनच हसत होता.

साडू शीतखोलीत होते. कानटोपी, जाड कोट, हातात यादी. धिप्पाड माणूस, त्यात कोटामुळे दार भरून उरलेला. प्राध्यापक थर्माकोलची पेटी छातीशी धरून, नाक मुठीत धरता येत नाही म्हणून नुसतेच उभे राहिले. साडूंनी डबे मोजायचं काम निवांतपणे पुरं केलं. मग इतक्या वर्षांतलं पहिलं वाक्य उच्चारलं.

"दार लावून घ्या. गारवा जातो."

प्राध्यापकांनी दार लावलं आणि आपण आत थांबायचं होतं की बाहेर, या विचारात थोडा वेळ घालवला. मग त्यांनी अडचण सांगितली, पेशीतल्या खुणेपासून सुरुवात करून. साडूंनी पेटी उघडून डबी बाहेर काढली, चष्मा कपाळावर चढवला आणि लेबल नाकाजवळ धरून वाचलं.

"मानवी," ते म्हणाले. "कुठल्या माणसाचं?"

प्राध्यापकांनी सांगितलं की कुठल्याच माणसाचं नाही. माणसाच्या पेशीत हे एन्झाइम बनवायची जी कृती असते, तेवढी उचलून जिवाणूत घातली आहे आणि जिवाणूंनी ते तयार केलं आहे. कसले जिवाणू, असं साडूंनी विचारलं. इथे कोणीही शहाणा माणूस 'साधे' म्हणाला असता. प्राध्यापक म्हणाले, "आतड्यातले."

साडूंनी डबी दोन बोटांत धरून हात लांब केला. प्राध्यापकांनी घाईघाईने सांगितलं की ते जिवाणू यात नाहीत, ते केव्हाच गाळून टाकलेत, हे अगदी शुद्ध आहे. साडू विचारात पडले. विचार करताना त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे समाधान पसरत गेलं, ते बघून प्राध्यापक एक पाऊल मागे सरकले.

"म्हणजे यात माणूस नाही," साडू म्हणाले.

"नाही."

"केस नाही, नख नाही, रक्ताचा थेंब नाही. कारखान्यात बनलंय."

"हो."

"आणि वर लिहिलंय मानवी." साडूंनी डबी अलगद पेटीत ठेवली. "तुमच्या मानवात माणूस नसला तरी चालतो, प्रोफेसर. माझ्या मलईत मलई नव्हती तर तुम्ही भर पंगतीत माझा बाजार उठवलात."

 आत काय आहे यापेक्षा ते काम काय करतं याला विज्ञानात महत्त्व असतं, असं काहीतरी प्राध्यापकांच्या ओठांवर आलं होतं. पण ते बोललं तर साडू म्हणणार, माझी मलईही लोक बोटं चाटून खातच होते की. आयुष्यात पहिल्यांदाच प्राध्यापकांनी बोलायच्या आधी पुढचं ऐकलं आणि ते गप्प बसले. साडूंना ही शांतता आवडली असावी. त्यांनी ड्राय आइसच्या टाकीतून खोरंभर तुकडे काढून पेटीत ओतले, झाकण लावलं आणि पेटी दाराजवळच्या फळीवर ठेवून दिली. उद्या घेऊन जा म्हणाले. पाणी विचारलं नाही, पण हाकललंही नाही. प्राध्यापक बाहेर आले तेव्हा गारठ्याने त्यांचे दात वाजत होते आणि तरी त्यांना घाम फुटला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुरुस्तीवाल्याने आजोबांच्या पोटातला कुठलासा पंखा बदलला आणि ते पुन्हा कण्हायला लागले. प्राध्यापक पेटी न्यायला कारखान्यात पोचले, तर साडू फळीसमोर उभे राहून फळीवरच्या रिकाम्या जागेकडे बघत होते.

झालं होतं असं. गावात एका दंतवैद्य बाईंच्या नव्या दवाखान्याचं त्या दुपारी उद्घाटन होतं आणि त्यांनी पाहुण्यांसाठी आइस्क्रीम मागवलं होतं. दात किडवणारं खाऊ घालून दातांचा दवाखाना उघडायचा, यात साडूंना धंद्याची फार खोल समज दिसली होती. तर ते आइस्क्रीमही ड्राय आइस घातलेल्या थर्माकोलच्या पेट्यांतूनच गेलं, आणि टेम्पोवाल्याने फळीवरच्या सगळ्या पेट्या एकसारख्या दिसल्या म्हणून सगळ्याच उचलल्या. त्याला फोन लावला तर फोन साडूंच्या टेबलावर वाजला. तो तिथे चार्जिंगला लावून गेला होता. दवाखान्यात फोन लावला तर नुसता वाजत राहिला.

 प्राध्यापकांचा चेहरा बघून साडूंना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी खुंटीवरची किल्ली काढली.

कारखान्यात उरली होती ती एकच गाडी, गल्लोगल्ली आइस्क्रीम विकायची. पांढरी, डोक्यावर प्लॅस्टिकचा भलामोठा कोन. तिचं एक वैगुण्य होतं. गाडी सुरू केली की तिच्यातलं गाणं सुरू व्हायचं आणि बंद करायचं बटण फार पूर्वीच तुटलेलं. गाणं म्हणजे एकाच ओळीची टिणटिण, पुन्हा पुन्हा. एका जगावेगळ्या एन्झाइमच्या प्राणांसाठी निघालेले दोघे साडू टिणटिण करत रस्त्याला लागले. प्राध्यापकांनी ओळखीचे कोणी बघू नये म्हणून मान खाली घातली आणि पहिल्याच चौकात त्यांच्या वर्गातल्या मुलींनी त्यांना हात केला.

सिग्नलला गाडी थांबली आणि कुठून कुठून पोरं धावत आली. मागून त्यांच्या आया. साडूंनी गाडी बाजूला घेतली. प्राध्यापकांना वाटलं की रस्ता चुकला असेल. साडू मागच्या खिडकीकडे निघाले होते.

"अहो, पेटी!" प्राध्यापक म्हणाले.

साडू म्हणाले की गाडी थांबली आणि गिऱ्हाईक दारात आलं तर त्याला परत पाठवायचं नाही, हा त्यांच्या वडिलांपासूनचा नियम आहे, आणि लवकर निघायचं असेल तर प्रोफेसरांनी दुसरा चमचा उचलावा. प्राध्यापकांनी उचलला. आयुष्यभर थेंबाचा हजारावा भाग मोजलेला हात तो. त्यांनी पहिला गोळा काढला, कडेला घासून सपाट केला, कोनात बरोबर मधोमध बसवला आणि दुसरा त्याच्याशी तंतोतंत जुळतोय का ते डोळ्यांजवळ धरून बघितलं. रांगेतली पोरं अवाक होऊन बघत होती. साडूंना ते बघवेना.

"हे काय चाललंय?"

"माप सारखं नको का?"

"गिऱ्हाइकाला माप नको असतं, डोंगर हवा असतो. आणि खाली पोकळी ठेवा जरा, कोन काय सिमेंटने भरताय?"

डोंगर आणि पोकळी या दोन्ही गोष्टी शास्त्रात बसत नव्हत्या, पण रांग हलेना म्हणून प्राध्यापकांनी डोंगर रचायला घेतले. चौथ्या-पाचव्याला त्यांना ते जमलं, आणि एका पोरीने तो डोंगर बघून जे डोळे मोठे केले ते बघून त्यांना जरा बरंच वाटलं. चमच्याला लागलेलं त्यांनी नकळत चाटलं आणि थबकले. पुन्हा चाटलं.

गाडी पुन्हा टिणटिणत निघाली तेव्हा त्यांनी विचारलं, "यात दूध आहे?"

साडूंनी रस्त्यावरची नजर काढली नाही. म्हणाले, "त्या वाढदिवसानंतर लगेच घालायला लागलो. चिडून. म्हटलं, पुन्हा कोणी चमचा घेऊन तपासायला बसला तर त्याचं तोंड फुटलं पाहिजे." मग गिअर बदलून म्हणाले, "खप वाढला. पण ते तुम्हाला कळू द्यायचं नाही, असं मी हिला बजावलं होतं."

प्राध्यापकांना एकदम उमगलं की ही गोष्ट त्यांच्या बायकोला पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार. दोघी बहिणींनी हे गुपित इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं आणि आपण पेशीतल्या गुपितांच्या मागे धावत होतो. बोलावंसं खूप वाटलं. पण वर गाणं वाजत होतं. ते एवढंच म्हणाले, "चांगलं झालंय." साडूंनी मान हलवली. घड्याळ बघायला तिथे भिंत नव्हती.

दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. रंगाचा वास, फुगे, आणि नव्याकोऱ्या तपासणीच्या खुर्चीवर पाय पसरून, मांडीवर वाटी घेऊन बसलेले एक गृहस्थ. ते दंतवैद्य बाईंचे काका. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी प्रत्येक गोष्टीतलं सगळं कळायचा धंदा सुरू केला होता. त्यांच्या शेजारच्या ट्रेमध्ये, जिथे एरवी दात उपटायची हत्यारं असतात, तिथे ती थर्माकोलची पेटी होती. उघडी. प्राध्यापकांनी धाव घेतली. ड्राय आइस पुष्कळ होता, अजून धुमसत होता, डबी त्यात होती, नळ्याही होत्या. एक सोडून.

ती एक काकांच्या हातात होती. उघडी आणि रिकामी.

चार जणांनी चार बाजूंनी सांगितलेलं जुळवल्यावर कळलं ते असं. एवढ्या थाटात गोठवलेलं आणि एवढंसंच म्हणजे हा नक्की आइस्क्रीमवर घालायचा महागडा इसेन्स, असा काकांनी निष्कर्ष काढला होता. पुतणीने लेबल वाचून दाखवलं, मानवी वापरासाठी नाही असं लिहिलंय म्हणाली, तर काकांनी सांगितलं की सगळ्या इसेन्सवर कायद्याने तसं छापावंच लागतं. नळी मुठीत धरून त्यांनी ती वितळवली आणि वाटीत उलटी करून दोनदा टिचकी मारली. अर्धी वाटी संपलीही होती.

प्राध्यापक जागच्या जागी खुर्चीसाठी चाचपडले, पण खुर्ची एकच होती आणि तिच्यात काका होते.

"काही खास नाही," काका साडूंकडे बघून म्हणाले. "उलट वास येतोय. अंड्याचा. खराब अंड्याचा. अंडं घालता काय हो तुम्ही आइस्क्रीममध्ये?"

दवाखान्यातली कुजबुज थांबली. हातातल्या वाट्या हातातच राहिल्या. एक बाई आपली वाटी हळूच नाकाजवळ नेऊ लागल्या. प्राध्यापकांनी साडूंकडे बघितलं. साडूंचा चेहरा त्यांनी आधी एकदा तसा बघितला होता, वाढदिवसाच्या पंगतीत. तेव्हा मात्र त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. आता होतं.

"आइस्क्रीमला वास नाही," प्राध्यापक मोठ्याने म्हणाले. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचा तो आवाज होता. "वास माझ्या नळीचा आहे. एन्झाइम टिकावं म्हणून त्यात एक गंधकाचं रसायन घालतात, त्याला असाच वास येतो. चूक सगळी माझी आहे. आइस्क्रीम उत्तम आहे. अस्सल दुधाचं आहे."

काका निवृत्त झाले असले तरी मूळचे बँकेतले. त्यांनी विचारलं, "तपासून बघितलंय का तुम्ही?"

प्राध्यापकांनी क्षणभर विचार केला. खरं सांगायची सवय जुनी होती.

"नाही," ते म्हणाले. "साडूभाऊ म्हणतात, म्हणजे असणार."

साडू खिशात रुमाल शोधू लागले. कोटाच्या सगळ्या खिशांत शोधला, सापडला नाही, मग बाईंच्या ट्रेमधला कापूस घेऊन त्यांनी कपाळ पुसलं.

काकांना आता स्वतःच्या पोटाची काळजी लागली. प्राध्यापकांनी त्यांना स्पष्ट सांगितलं की असली वस्तू खायची नसते, आता काही त्रास वाटला तर डॉक्टरांकडे जायचं; पण आत होता तो पाव थेंब प्रथिन आणि चिमूटभराहूनही कमी मीठमसाला, पोट त्याचा बाकीच्या जेवणाबरोबर फडशा पाडेल. हे खरंच मानवी आहे का, काकांनी बारीक आवाजात विचारलं. प्राध्यापकांनी तोंड उघडलं, आणि त्यांच्या आधी साडू बोलले.

"छे हो," ते म्हणाले. "त्यात माणूस अजिबात नाही. नुसतं नाव आहे. कृती माणसाची, बनवणारे दुसरेच. मी सांगतो तुम्हाला." आणि त्यांनी सगळ्या दवाखान्याला पेशी, खूण आणि खूण पोचवणारं एन्झाइम अशी सगळी हकिकत सांगितली. आतड्याचा भाग त्यांनी गाळला. बाकी बरंच चुकलं होतं, पण लोक असे तल्लीन होऊन ऐकत होते, की असं प्राध्यापकांच्या वर्गात कधी झालं नव्हतं. त्यांनी मधे एकदाही चूक दुरुस्त केली नाही. जीभ दातांखाली धरून ठेवली. जागाही त्याला योग्य होती.

काकांना काहीही झालं नाही. उलट काही दिवसांनी त्यांनी प्रयोगशाळेचा नंबर शोधून फोन केला की त्या दिवसापासून आपला डावा गुडघा जिना चढताना दुखत नाही, तर आणखी एखादी नळी मिळेल का? प्राध्यापकांनी नाही म्हणून सांगितलं, त्याचा याच्याशी काही संबंध नाही हेही सांगितलं. काका म्हणाले, मोठी माणसं असंच बोलतात. पुढे त्यांचा फोन आला की मैना उचलायची आणि काही न बोलता धरून ठेवायची. थोड्या वेळाने काकाच कंटाळायचे.

उरलेल्या नळ्या शाबूत होत्या. मैनेने प्रयोग लावला. निकाल हाती यायच्या दिवशी साडू प्रयोगशाळेत हजर झाले, इस्त्रीचा शर्ट घालून, जणू पेशंट बघायला इस्पितळात आलेत. अंधाऱ्या खोलीतून मैना एक काळपट फिल्म घेऊन बाहेर आली आणि तिने ती उजेडाच्या पेटीवर ठेवली. एन्झाइम न घातलेल्या रांगेत काही नव्हतं. दुसऱ्या रांगेत एकावर एक काळ्या रेघा उमटल्या होत्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. खुणा चिकटल्या होत्या. ज्याच्या पाठीवर चिकटतील असं प्राध्यापक इतकी वर्षं म्हणत आले होते, त्याच्याच पाठीवर, एकावर एक.

"आहे," मैना म्हणाली आणि हसली. ती हसते हे प्राध्यापकांना त्या दिवशी कळलं.

त्यांचे डोळे भरून आले होते, म्हणून ते चष्मा पुसत बसले. साडूंनी फिल्मवर वाकून बराच वेळ निरखलं आणि मग विचारलं की या शिडीचं पुढे काय होतं. काही नाही, प्राध्यापक म्हणाले, एवढ्या खुणा चिकटल्या की ते प्रथिन मोडीत निघतं.

"म्हणजे एवढा जीव टाकून आपण त्याला मोडीत काढलं."

"हो."

"आपण" म्हटलेलं दोघांच्याही लक्षात आलं आणि दोघांनीही तसं दाखवलं नाही.

त्या रविवारी साडू बायकोला घेऊन प्राध्यापकांकडे जेवायला आले. इतक्या वर्षांनी चौघं एका टेबलाशी बसली. बहिणींनी ठरवलं होतं की आज मनसोक्त गप्पा मारायच्या. पण एन्झाइम उणे ऐंशी अंशांना टिकतं तर आइस्क्रीम का बिघडतं, असा साडूंनी प्रश्न काढला. प्राध्यापकांनी ताटाच्या कडेला मिठाने आकृती काढून ते समजावायला घेतलं, साडूंनी ती बोटाने खोडून दुसरी काढली आणि आवाज चढत गेले. भाजी वाढू का, हे बायकोने तीनदा विचारलं, तरी कोणाला ऐकू गेलं नाही. शेवटी थोरलीने आपलं ताट उचललं, धाकटीला खुणेने उठवलं आणि दोघी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्या राहून जेवल्या.

"अबोला बरा होता गं," थोरली म्हणाली.

धाकटीने तिच्या ताटात भाजी वाढली आणि पायाने दार लोटून घेतलं.